कोरड्या गावातली ओल

१

म्हाळूच्या अंगावर पडलेली तुळई उचलायला आठ माणसं धावली, आणि ती दोघांनीच उचलली. निजामाच्या अमदानीतलं सागवान, कवेत न मावणारं. पण उचलताच ते मधोमध मोडलं आणि धरणाऱ्यांच्या बोटांतून तपकिरी भुगा गळू लागला. म्हाळूचा जीव घेतला तो तुळईनं नव्हे, तिच्यासोबत कोसळलेल्या माळवदाच्या, म्हणजे धाब्याच्या छताच्या, दीड हात पांढऱ्या मातीनं.

शिरूर कासार तालुक्यातल्या खडकझरीची ही जुनी दगडी कचेरी. आता तिथं ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या एकतीस मुली राहतात. आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांवर जातात, ते पाडव्याच्या सुमारास परततात. तोवर या मुलींना हेच घर. सोमवारी सकाळी दहाला मुली शाळेत होत्या. धान्याच्या कोठीत एकटा म्हाळू होता. वसतिगृहाचा आणि गावच्या पाण्याच्या टाकीचा तोच राखणदार.

दुपारपर्यंत पोलिसांनी शहादेव सुताराला उचललं. मागच्या उन्हाळ्यात त्यानं कचेरीत काम केलं होतं. चांगलं सागवान काढून विकलं आणि जागी कुजकं बसवलं, असं वसतिगृहाचे चेअरमन मोहनराव यांनी पंचनाम्यात लिहून दिलं.

गुरुवारी शहादेवची बायको बायनाबाई एसटीनं अंबाजोगाईला पोचली. अपेक्षा तिथल्या तंत्रनिकेतनात शिकवायची आणि जुन्या इमारतींचं लाकूड तपासून द्यायची. तास संपवून ती बाहेर आली, तर वऱ्हांड्यात ही बाई उभी.

"तुमी आमच्या गावच्या वसतिगृहात शिकल्या म्हणं," बायनाबाई म्हणाली. "माझ्या मालकाला सोडवा. त्यांनी त्या कोठीत पाय बी ठिवला न्हाई."

"कोणती कोठी? काय झालंय?"

"तुळई पडली. म्हाळू गेला."

अपेक्षाच्या हातातला खडूचा डबा खाली पडला. म्हाळूमामा! त्या घरात तिनं पाच वर्षं काढली होती. तापानं फणफणली असताना याच माणसानं तिला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत नेलं होतं.

"चला," एवढंच ती म्हणाली.

२

शुक्रवारी सकाळी वसतिगृहाच्या दारात वनमालाबाई उभ्या होत्या. अधीक्षिका म्हणून त्यांना वीस वर्षं झाली होती. त्यांनी अपेक्षाला मिठी मारली आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही. चार दिवसांत त्यांचे गाल बसले होते.

"आलीस व्हय गं," त्या म्हणाल्या. "लई वाईट झालं बघ."

कोठीच्या दारावर हवालदार भारत बसला होता. पंचनामा झाला होता. लाकडाबद्दल लेखी काही मिळालं तर त्यालाही हवंच होतं. त्यानं कुलूप उघडलं.

आत शिरताच डांबरगोळ्यांचा उग्र वास नाकात घुसला. त्याखाली आणखी एक वास होता, पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्र्यांसारखा. वर भिंतीलगत अजूनही रंगवलेल्या प्लायवूडचे तुकडे लोंबकळत होते. म्हणजे कोठीला खालून खोटं छत मारलेलं होतं. त्यामुळं तुळई वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेलाच पडली नसणार.

अपेक्षा तुळईच्या तुकड्याजवळ बसली. लाकडाला उभ्याआडव्या भेगा पडून त्याचे चौकोनी ठोकळे झाले होते. एक ठोकळा तिनं चिमटीत धरला आणि चुरडला. त्याची तपकीर झाली.

"वाळवी हाय ना?" भारतनं विचारलं.

"वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या. ही बुरशी आहे. कोरडी कुज म्हणतात हिला."

"मग बरोबर. आमचा तालुकाच कोरडा."

"नावच तेवढं कोरडं. कुजलेलं लाकूड सुकून भुगा होतं, म्हणून तसं म्हणतात. ओल मिळाल्याशिवाय ही जगत नाही, हवालदारसाहेब. आणि आज पाणी, उद्या नाही, असं चालत नाही. दोनतीन वर्षं सतत ओल लागते."

भारत हसला. "मॅडम, हितं प्यायला पाणी चौथ्या दिवशी सुटतं. सतत ओल कुठून आणावी?"

अपेक्षाही तिथंच अडखळली होती. तुळईचं मधलं लाकूड अर्धवट कुजलेलं होतं, पण भिंतीच्या खोबणीत बसणारं टोक साफ गेलं होतं. खोबणीच्या दगडांना बुरशीचे पांढरे धागे अजून चिकटून होते. म्हणजे तुळई इथंच कुजली होती. कुजकं लाकूड बाहेरून आणून बसवलं असतं, तर दगडावर धागे आले नसते.

"शहादेवनं ही बदललेली नाही," ती म्हणाली. "हे मी लिहून देते."

"मग पडली कशानं?"

"पाण्यानं. ते कुठून आलं, ते शोधायचं."

ढिगाऱ्यातून काढलेल्या वस्तू भारतनं कोपऱ्यात ठेवल्या होत्या: एक मोडलेलं स्टूल, म्हाळूची टोपी, एक लोखंडी पाना आणि सायकलच्या ट्यूबची हातभर लांब पट्टी.

"ही पट्टी कुठं होती?"

"त्याच्या मुठीत. काढता काढता निघेना," भारत म्हणाला. "कावून धरलीती, देव जाणे."

३

शहादेव ठाण्याच्या आवारात कडुलिंबाखाली बसवलेला होता. चार दिवसांची दाढी, डोळे लाल.

"मी वऱ्हांड्याच्या छताच्या दोन कड्या बदलल्या, ताई. कोठीत न्हाई गेलो. पर वास आलता मला. म्हाळूला म्हणलं, प्लाय काढ, वरतं बघू. तर म्हणला, चेअरमनची परवानगी न्हाई."

"म्हाळूमामा असं म्हणाले?"

"आईशपथ. आन् मला नजर देईना. लई गुणी माणूस व्हता. उजवा खांदा उतरलेला. चार साल झाले, घागर उचलनं झालं नव्हतं त्याला. तरी नोकरी सोडली न्हाई."

कोठीच्या पूर्वेच्या भिंतीला लागून राजेश्वरअप्पांचं किराणा दुकान होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं मऊ. दुकानात थंड पाण्याचे जार विकायला होते. कोरड्या गावात एवढं पाणी! अपेक्षाची नजर त्या जारांवर खिळली, ते अप्पांनी ओळखलं.

"टेम्पो येतो तेलगावहून, एक दिवसाआड. ड्रायव्हरला इचारा. आन् भिंत बघायची असंल तर बघा की." त्यांनी स्वतःच गुळाची पोती सरकवली. मागची भिंत ठणठणीत कोरडी होती. गुळालासुद्धा पाझर फुटलेला नव्हता.

निघताना तिनं सहज विचारलं, "डांबरगोळ्या ठेवता का?"

"ठिवतो की. पर गावात कोण घेतंय? वनमालाबाईच नेतात. मुलींच्या गाद्यांसाठी. दोन सालापासून दर महिन्याला पुडके नेतात."

मोहनराव बैठकीत पान लावत होते. गावाच्या वरच्या अंगाला त्यांची मोसंबीची बाग हिरवीगार दिसत होती. अपेक्षानं बागेच्या पाण्याबद्दल विचारलं.

"म्हणजे पाणी मी चोरलं म्हणा की!" ते भडकले. "बागेला माझं शेततळं हाय. आन् बाग टाकीच्या वरतं हाय. पाणी काय चढ चढून येतंय व्हय? ती टाकीच भिकार. नळ बंद असताना बी सकाळपर्यंत हातभर खाली जाती. दोनदा गिलावा केला. आता ती कचेरीच पाडा म्हणतो मी, नवं कॉम्प्लेक्स बांधू."

"शहादेवनं कोठीची तुळई दाखवा म्हणून तुमची परवानगी मागितली होती?"

"कोण, शहादेव? मला कुणी इचारलं न्हाई."

ते खरं बोलत होते. त्यांचा राग फार बेफिकीर होता; काही लपवणारा माणूस सावधपणे रागावतो. मग म्हाळूमामा खोटं बोलले होते. पण ज्या माणसानं आयुष्यात कुणाचा पेरू चोरला नाही, तो कुणासाठी खोटं बोलला?

४

दुपारी अपेक्षा पुन्हा कोठीत गेली. वनमालाबाई आणि भारत दारात उभे राहिले. पेचकसानं तिनं भिंतीचा गिलावा उकरायला सुरुवात केली. आतून सुतासारखे पांढरे धागे निघाले. काही जाड होते, पेन्सिलीएवढे. ही बुरशी दगडातून, चुन्यातून वाट काढत पुढचं लाकूड गाठते. जिकडं ओल, तिकडं तिचा ओढा. धागे वर माळवदाच्या कडेकडं चढत होते, आणि तिथून आडवे दक्षिणेला वळत होते.

दक्षिणेला दालन होतं. एकतीस मुलींचं झोपण्याचं दालन.

अपेक्षा धावतच तिकडं गेली. मुली शाळेतून नुकत्याच परतल्या होत्या. कुणी वेणी सोडत होती, कुणी गादीवर पालथी पडून गृहपाठ करत होती. तिनं एका पेटीवर चढून पहिल्या तुळईच्या टोकावर पेचकसाची मूठ आपटली. सागवान टणटणतं. हे बद्द वाजलं. तुळईला जाड तेलरंग होता, वरून तुकतुकीत. तिनं पेचकस टेकवला आणि जरासं दाबलं.

पेचकस मुठीपर्यंत आत गेला.

त्या तुळईखाली आठ गाद्या होत्या. एका गादीवर सहावीतली पोर आडवी होऊन तिच्याकडंच बघत होती.

"सगळ्याजणी बाहेर," ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली. "वह्या राहू द्या. चपला राहू द्या. भिंतीच्या कडेकडेनं, पळायचं नाही. चला."

मुली निघाल्या. दारात वनमालाबाई भिंतीला धरून उभ्या होत्या.

"हिकडं न्हाई आलं ते," त्या पुटपुटल्या. "कोठीतच हाय. फक्त कोठीत व्हतं..."

अपेक्षानं ऐकलं. भारतनं ऐकलं की नाही, ते तिला कळलं नाही. शेवटची मुलगी अंगणात पोचेपर्यंत ती मुली मोजत राहिली. मग ती पायरीवर बसली.

५

मुलींना शाळेच्या इमारतीत पाठवून झालं. अपेक्षा दालनाला बाहेरून वळसा घालून दक्षिणेच्या टोकाला, न्हाणीघरात गेली. वनमालाबाई मागून आल्या. त्यांना येऊ नका म्हणायचं धाडस अपेक्षाला झालं नाही.

न्हाणीघरातला सिमेंटचा हौद कोरडा पडला होता.

"सोमवारपासून पोरींच्या आंघोळी बंद हायत," बाई म्हणाल्या. "म्हाळू न्हाई ना. कावडीनं पाणी आणायचा."

"कुठल्या खांद्यावर, बाई?"

बाईंनी वर पाहिलं.

"चार वर्षं त्यांना घागर उचलता येत नव्हती. मग एकतीस मुलींच्या आंघोळीचं पाणी कोण आणत होतं?" अपेक्षानं विचारलं. "मी पाच वर्षं इथं न्हायले. पहाटे उठावं तर हौद भरलेला. म्हाळूमामांना कावड घेऊन येताना मी एकदाही पाहिलं नाही. दारापासून हौदापर्यंत कधी पाण्याचा थेंब सांडलेला नसायचा. आणि मी कधी विचारलंसुद्धा नाही."

ती हौदात उतरली. मागच्या भिंतीला, काठाच्या जरा खाली, एक फरशी इतरांपेक्षा नवी होती आणि तिच्या एका बाजूला बोटभर फट. पेचकस घालून तिनं फरशी उचकटली. मागं काळ्या पाइपचं तोंड होतं.

"टाकी उत्तरेला," ती पाइपकडं बघतच बोलत राहिली. "तिथून पाइप माळवदाच्या मातीत पुरला. कोठीवरून, दालनावरून, इथपर्यंत. उतारानं पाणी आपोआप येतं. टाकी हातभर खाली जायची ती गळतीनं नाही. कोठीच्या भिंतीवरचा सांधा सुटला आणि पाणी तुळईच्या टोकात मुरू लागलं. वास झाकायला डांबरगोळ्या, तुळई झाकायला प्लाय. सोमवारी गळती वाढली असेल, म्हणून मामा ट्यूबची पट्टी घेऊन सांधा बांधायला चढले. स्टुलावरून खोबणीतली माती उकरली, आणि..."

बाई हौदाच्या काठावर बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर उलटे.

"तू यायच्या आदल्या साली," त्या हळू म्हणाल्या. "माळवदावर नवी माती टाकायची व्हती. त्याच वक्ताला मी आन् म्हाळूनं पाइप पुरला. त्याच्या आधी कमिटीसमोर गेलते मी. म्हणलं, मोठ्या पोरी हायत, महिन्याचे चार दिवस दोन तांब्यांत कशा काढतील? पाणी वाढवून द्या. बारा पुरुष बसलेते. हसले सगळे. मोहनराव म्हणले, बाई, हे काय मीटिंगमधी बोलायचं हाय का?"

"आणि कुज?"

"दोन साल झाले कळून. खोबणीत छत्री उगवली, धान्याच्या पोत्यांवर तांबडी धूळ पडायची. म्हाळू म्हणायचा, पाइप काढू. मी म्हणायचे, दहावीच्या परीक्षा होऊ दे. मग पुढच्या सालाच्या पोरी. मला वाटलं, लाकूड जुनं हाय, पर सागवान हाय. धरंल." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "त्याला मीच चढवलं सोमवारी. म्हणलं, लौकर बांध, पोरी यायच्या आत."

अपेक्षाच्या डोळ्यांपुढं दालनातली ती सहावीतली पोर येत होती. या बाईंनी अपेक्षाला अक्षर शिकवलं होतं, वेणी घालायला शिकवली होती. आणि या बाईंनी एकतीस मुलींना त्या तुळईखाली झोपवलं होतं.

"आणि शहादेव? चार दिवस तो तिथं बसलाय, बाई. बायनाबाई दारोदार फिरतीये."

"रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. पोरींना डबे वाढेस्तवर दुपार व्हायची." त्या उठल्या. "तुझ्या कागदात लिव्ह सगळं. न्हाईतर मला खरं वाटायचं न्हाई."

"लिहिणार आहे," अपेक्षा म्हणाली, आणि रडू लागली.

६

वनमालाबाई स्वतः ठाण्यात चालत गेल्या. भारतनं जबाब लिहून घेतला. पाइप कधीपासूनचा, हे सांगायला दुसरा साक्षीदार आहे का, असं त्यानं विचारलं, तेव्हा अपेक्षानं स्वतःचं नाव लिहायला सांगितलं.

"तुमाला ठाऊक नव्हतं ना, मॅडम?"

"हौद भरलेला असायचा, हे ठाऊक होतं. तेवढं लिहा."

शहादेव सुटला. जीपमध्ये बसणाऱ्या वनमालाबाईंसमोरून तो गेला, पण त्यांच्याकडं पाहिलं नाही. बायनाबाईनं मात्र पाहिलं.

"माझ्या मालकाच्या तोंडाला काळं फासून तुमी जेवलात कशा?" ती सगळ्यांदेखत ओरडली. वनमालाबाईंनी मान खाली घातली. जीप सुरू झाली तेव्हा त्या खिडकीतून अपेक्षाला एवढंच म्हणाल्या, "दहावीच्या पोरींची हॉलतिकिटं माझ्या कपाटात हायत. फोटो लावायचे राहिलेत."

शनिवारी सकाळी काम सुरू झालं. अपेक्षानं शहादेवलाच बोलावलं. तो येईल असं तिला वाटलं नव्हतं, पण करवत घेऊन आला. आधी दालनाला लोखंडी टेकू लावले. पाइप उखडला. मग कुजलेलं टोक कापायचं होतं. शहादेवनं खडूनं रेघ मारली, तशी अपेक्षानं ती आणखी दोन हात पुढं सरकवली.

"हितलं लाकूड चांगलं हाय की," तो म्हणाला.

"वरून चांगलं आहे. धागे आत गेलेले असतात, दिसत नाहीत. जाऊ द्या तेवढं."

भिंतीचा गिलावा हातभर पलीकडंपर्यंत खरवडला, दगड स्टोव्हच्या ज्वाळेनं भाजून काढले. उरलेल्या तुळयांना टाकणखार आणि बोरिक ॲसिडचं गरम पाणी तीनदा पाजलं. नवीन टोकाला खोबणीत चारी बाजूंनी बोटभर मोकळी जागा ठेवली, वारा खेळावा म्हणून. कुजका भुगा गावाबाहेर नेऊन जाळला.

काम संपत आलं तेव्हा मोहनराव बघायला आले. "एवढा खटाटोप कावून? पाडून टाका."

"बाकीच्या अकरा तुळया ठणठणीत आहेत. तसा अहवाल मी तालुक्याला दिलाय," अपेक्षा म्हणाली. "त्यात आणखी एक ओळ आहे. न्हाणीघराला रीतसर नळ द्यावा. तो कमिटीकडं मागितला होता, तेव्हा तुम्ही काय म्हणालात, तेही लिहिलंय."

मोहनरावांनी वळून पाहिलं. आवारात मुली उभ्या होत्या. शेवटी ते नुसतेच निघून गेले. नळाबद्दल होय म्हणाले नाहीत आणि नाहीही.

त्या संध्याकाळी गावाला पाणी सुटलं. अपेक्षा शाळेच्या ओसरीत बसून हॉलतिकिटांवर फोटो चिकटवत होती. आवारात कुणीतरी आलं म्हणून तिनं वर पाहिलं. डोक्यावर घागर घेऊन बायनाबाई उभी होती. तिनं घागर मुलींपुढं उतरवली आणि पदरानं तोंड पुसलं.

अपेक्षा उठून पुढं झाली.

"घागर सकाळी परत पायजे," बायनाबाई म्हणाली. "आमाला बी पाणी तेवढंच हाय."